गोठणबिंदूचा हिशेब

बर्फात मीठ घातले म्हणजे तो वितळू लागतो आणि वितळता वितळता भोवतालची उष्णता इतक्या झपाट्याने शोषून घेतो की शेजारच्या डब्यातील आटवलेले दूध थिजून घट्ट होते, ही गोष्ट उन्हाळ्याच्या दिवसांत लाकडी पॉटाचा दांडा फिरवून आइसक्रीम करणाऱ्या आपल्याकडील घरांना जितकी परिचयाची, तितकीच ती सतराव्या शतकातील इटालियन मुदपाकखान्यांनाही परिचयाची होती. आणि फॅरनहाइटने आपल्या उष्णतामापकाचे शून्य ठरविताना बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाचा आश्रय घेतला तो याच अनुभवाच्या आधारावर. परंतु अमुक इतक्या पाण्यात अमुक इतके मीठ विरघळविले तर ते पाणी गोठण्यासाठी शून्याखाली नेमके किती अंश उतरेल, हा प्रश्न हिशेबाच्या भाषेत विचारला जाण्यास अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आणखी सुमारे एकशे पस्तीस वर्षे लोटली. या इतिहासात नियम सांगणाऱ्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, श्रेय मी त्यांना देतो, ज्यांनी नियमात न बसणारी तफावत दप्तरातून खोडून न टाकता जशीच्या तशी नोंदवून ठेवली.

1771 सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा केंब्रिजचा रसायनाचा प्राध्यापक रिचर्ड वॉटसन, जो पुढे लँडॅफचा बिशप झाला, त्याने निरनिराळ्या क्षारांची द्रावणे उघड्यावर ठेवून पाहिली आणि द्रावण गोठण्यास लागणारा वेळ त्यातील क्षाराच्या प्रमाणात वाढतो, असे अनुमान काढले. त्याने मोजला तो वेळ. अंश मोजण्याचे काम चार्ल्स ब्लॅग्डन याच्या वाट्याला आले. ब्लॅग्डन हा मूळचा वैद्य. अमेरिकेतील वसाहतींनी बंड पुकारले त्या काळात ब्रिटिश फौजेबरोबर वैद्यकीय कामगिरीवर राहून तो मायदेशी परतला आणि हेन्री कॅव्हेंडिश या गर्भश्रीमंत, एकांतप्रिय व कमालीच्या अबोल शास्त्रज्ञाचा मदतनीस बनला. थंडीच्या प्रश्नाने त्या सुमारास रॉयल सोसायटीतील मंडळींना झपाटले होते. हडसनच्या उपसागरावरील आल्बनी किल्ल्याचा अधिकारी टॉमस हचिन्स याने तेथील हिवाळ्यात पारा गोठवून त्याचा गोठणबिंदू निश्चित केला होता, आणि पारा गोठविण्याच्या या सर्व प्रयत्नांची साद्यंत हकीकत ब्लॅग्डनने 1783 साली लिहिली होती. 1788 साली, सोसायटीचा चिटणीस असताना, त्याने आपला तो निबंध सादर केला, ज्याच्या आधारे पुढे ‘ब्लॅग्डनचा नियम’ हे नाव रूढ झाले.

हे प्रयोग वाटतात तितके सोपे नव्हते. स्वच्छ पाणी शांतपणे थंड होऊ दिले तर ते गोठणबिंदूच्या खाली कित्येक अंश उतरूनही द्रवरूपच राहते. मग एखादा बर्फाचा कण त्यात पडला की क्षणार्धात स्फटिकांच्या सुया सर्वत्र धावतात, बर्फ होताना बाहेर पडणारी उष्णता द्रवाला वर उचलते, आणि उष्णतामापकातील पारा सरसर चढून एका ठिकाणी स्थिर होतो. तो स्थिर बिंदू हाच खरा गोठणबिंदू. ज्याला हे ठाऊक नाही तो पारा सर्वांत खाली गेला तेव्हाचा आकडा लिहून घेतो आणि त्याचे सारे कोष्टक फसते. ब्लॅग्डनने या अतिशीतनाचा वेगळा निबंधच त्याच वर्षी लिहिला, आणि त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो मुख्यतः यामुळे. मीठ, सोरा, नवसागर, हिराकस अशा नाना पदार्थांवर त्याने प्रयोग केले आणि त्याला असे आढळले की पाण्याचे प्रमाण कायम ठेवून क्षार दुप्पट केला तर गोठणबिंदूची घटही दुप्पट होते, तिप्पट केला तर तिप्पट. दोन क्षार एकाच पाण्यात विरघळविले तर दोघांच्या घटींची बेरीज प्रत्ययास येते. आम्ले व मद्यार्क मात्र या प्रमाणात नीट बसत नव्हते, आणि तेही त्याने लिहून ठेवले. मिठाचा एक भाग जेवढी घट करतो तेवढी सोऱ्याचा एक भाग का करीत नाही, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. कारण डाल्टनचा अणुवाद अजून वीस वर्षे दूर होता. पॅरिसजवळील आर्क्युई येथे, बेर्तोले या रसायनज्ञाच्या घरी, 1820 साली ब्लॅग्डनचा अंत झाला, आणि त्याचा नियमही त्याच्यामागोमाग विस्मृतीत गेला.

इतका गेला की 1861 साली रूडॉर्फ या जर्मन रसायनज्ञाने तोच नियम पुन्हा नव्याने शोधून काढला. दहा वर्षांनी कॉपेट याने क्षार वजनाने न तोलता रेणुभाराच्या प्रमाणात घेतले, तेव्हा एकाच जातीच्या क्षारांची घट जवळजवळ सारखी भरते, असे त्याच्या ध्यानात आले. दार किलकिले झाले होते. पण सगळेच जण क्षारांवर प्रयोग करीत होते, आणि क्षार हेच या प्रकरणातील सर्वांत अवघड अपवाद होते, हे कोणाला ठाऊक नव्हते.

ते दार उघडणारा फ्रांस्वा-मारी राउल्ट हा 1830 साली फ्रान्सच्या उत्तर भागातील फूर्न या गावी जन्मला. ऐपत बेताची असल्याने त्याने तरुणपणाची बरीच वर्षे प्रांतोप्रांतीच्या शाळांत अध्यापन करण्यात घालविली आणि तशा धकाधकीतच 1863 साली पॅरिसची डॉक्टरेट मिळविली. 1867 साली तो आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ग्रनोबल येथे आला, 1870 साली तेथील रसायनाचे अध्यासन त्याला मिळाले, आणि 1901 साली मृत्यूने उठविले तेव्हाच तो त्या जागेवरून उठला. पॅरिसच्या विद्वत्सभांपासून दूर, एका प्रांतिक विद्यापीठात बसून, एकच एक प्रकारचे मोजमाप वर्षानुवर्षे निष्ठेने करीत राहणारा हा मनुष्य त्या शतकातील प्रायोगिक रसायनाचे भूषण होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आरंभी त्याने मद्ये व मद्यार्कमिश्रित पाणी यांचे गोठणबिंदू मोजले. त्यातून 1878 च्या सुमारास तो या विषयाकडे वळला, आणि 1882 साली त्याने ते केले जे त्याच्याआधी कोणी पद्धतशीरपणे केले नव्हते: क्षार बाजूला ठेवून साखर, ग्लिसरीन, युरिया यांसारखी कार्बनी द्रव्ये पाण्यात विरघळविली.

जे आढळले ते असे. प्रत्येक द्रव्याचा रेणुभाराइतका ग्रॅम भाग, म्हणजे ज्याला आपण एक ग्राम-रेणू म्हणतो तो, 100 ग्रॅम पाण्याच्या हिशेबाने विरघळला आहे असे धरून गणित केले, तर गोठणबिंदूची घट 18.5 अंशांच्या आसपासच येई, मग ते द्रव्य साखर असो की युरिया. प्रत्यक्षात इतके दाट द्रावण कोणी करीत नाही. द्रावणे विरल घ्यावयाची व आकडा प्रमाणाने वाढवावयाचा, असा शिरस्ता. आजच्या भाषेत 1 किलोग्रॅम पाण्यात एक ग्राम-रेणू विरघळला तर घट 1.86 अंश होते. 342 ग्रॅम उसाची साखर आणि 60 ग्रॅम युरिया यांत वजनाचे इतके अंतर, चव निराळी, गुणधर्म निराळे, आणि तरीही पाण्याच्या गोठण्यावर दोघांचा परिणाम एकच. जुन्या काळी यात्रेकरूंकडून डोईपट्टी वसूल करणारा कारकून ज्याप्रमाणे माणसाचे वजन वा त्याची पत न पाहता केवळ डोकी मोजी, त्याचप्रमाणे गोठणबिंदू केवळ कणांची संख्या मोजतो. पाण्याच्या प्रत्येक थेंबात किती परके कण वावरत आहेत एवढ्याशीच त्याचा संबंध. ते कोणत्या घराण्यातले, याची तो चौकशी करीत नाही.

रसायनज्ञांच्या हाती यामुळे केवढे साधन आले, हे एका उदाहरणाने कळेल. समजा, एका अज्ञात द्रव्याचे 10 ग्रॅम 500 ग्रॅम पाण्यात विरघळविले आणि ते पाणी शून्याखाली 0.207 अंशावर गोठले. म्हणजे 1 किलोग्रॅम पाण्यास 20 ग्रॅम द्रव्य पडले, 0.207 ला 1.86 ने भागता 0.111 आले, तितके ग्राम-रेणू त्या 20 ग्रॅमांत आहेत. सबब 20 ला 0.111 ने भागले की रेणुभार 180 भरतो, आणि ते द्रव्य द्राक्षशर्करा असण्याचा संभव पुढे येतो. तोपर्यंत रेणुभार काढण्यासाठी द्रव्याची वाफ करून तिची घनता मोजण्याखेरीज सर्वमान्य मार्ग नव्हता, आणि साखरेसारखी द्रव्ये तर वाफ होण्याआधीच करपून जातात. आता गोठविणे हाच तराजू झाला.

राउल्ट पाण्यावर थांबला नाही. अ‍ॅसेटिक आम्ल, फॉर्मिक आम्ल, बेंझिन, नायट्रोबेंझिन असे निरनिराळे द्रावक त्याने घेतले. प्रत्येकाचा आकडा निराळा येई: अ‍ॅसेटिक आम्लात सुमारे 39, बेंझिनमध्ये सुमारे 50. या सर्वांतून एक सर्वव्यापी नियम काढण्याच्या उत्साहात त्याने असे प्रतिपादन केले की कोणत्याही द्रावकाच्या 100 रेणूंत परका एक रेणू मिसळला तर घट सुमारे 0.62 अंश होते. पाण्यात ती एका अंशाहून अधिक भरते, याचा उलगडा त्याने पाण्याचे रेणू गटागटाने राहतात असे मानून केला. हा सर्वव्यापी नियम टिकला नाही. टिकली ती मोजमापे, आणि त्यांतील एक नोंद विशेष महत्त्वाची ठरली. मीठ आणि त्याच्यासारखे क्षार, तसेच तीव्र आम्ले व अल्क, पाण्यात 18.5 च्या जागी 37 च्या जवळपासची घट दाखवीत. 58.5 ग्रॅम मीठ 1 किलोग्रॅम पाण्यात विरघळविले तर घट 1.86 अंश व्हावयास हवी. ती होते 3.37 अंश. कारकुनाने एक डोके लिहिले होते आणि पट्टी जवळजवळ दोघांची जमा झाली होती.

याच सुमारास आम्स्टरडॅम येथे याकोबस वान्ट हॉफ हा दुसऱ्याच वाटेने चालला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर याने पातळ पडद्यातून पाणी साखरेच्या द्रावणाकडे किती दाबाने शिरते याची मापे 1877 साली प्रसिद्ध केली होती. ती वान्ट हॉफच्या कानी पडली ती त्याचा सहकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस याच्या तोंडून. विरल द्रावणातील परासरणाचा दाब आणि तेवढ्याच जागेत कोंडलेल्या वायूचा दाब यांचे समीकरण एकच आहे, हे त्याने ओळखले, आणि उष्णतागतिकीच्या नियमांनी त्याच समीकरणातून गोठणबिंदूची घट काढून दाखविली. द्रावकाच्या निरपेक्ष तापमानाचा वर्ग घ्यावा, त्यास 0.02 ने गुणावे आणि दर ग्रॅमच्या द्रवणाच्या अप्रकट उष्णतेने भागावे, की राउल्टचा आकडा हाती येतो. पाण्यासाठी 273 चा वर्ग 74,529, 0.02 ने गुणून 79 ने भागता 18.9 येतात. राउल्टने मोजले होते 18.5. अ‍ॅसेटिक आम्लात गणित 38.8 म्हणे, प्रयोग 38.6. म्हणजे ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत जे आकडे कित्येक हिवाळे खर्चून मिळाले ते कोणत्याही द्रव्याच्या वितळण्याच्या उष्णतेवरून टाकावर टाक ठेवून मांडता येत होते, आणि प्रत्येक द्रावकाचा आकडा निराळा का, हेही त्याबरोबर उलगडत होते. याची उलट रुजवातही झाली: एथिलीन ब्रोमाइडची अप्रकट उष्णता कोणी मोजलेली नव्हती; राउल्टच्या आकड्यावरून वान्ट हॉफने ती 13 उष्मांक असावी असे सांगितले, आणि त्याच्या विनंतीवरून पेटरसन याने मोजली तेव्हा ती जवळजवळ तेवढीच भरली.

मिठाची अडचण मात्र तशीच राहिली. वान्ट हॉफने प्रामाणिकपणे समीकरणात एक गुणक घातला, त्याला ‘आय’ हे अक्षर दिले, आणि साखरेसाठी तो 1, मिठासाठी 2 च्या जवळपास, एवढे लिहून ठेवले. त्याचा अर्थ सांगण्याचे त्याने धाडस केले नाही.

अर्थ सांगितला स्वांते आर्हेनियस याने. 1884 साली उप्सालाच्या विद्यापीठात त्याने विद्युद्वाहक द्रावणांवरील आपला प्रबंध सादर केला तेव्हा तेथील प्राध्यापकांनी त्याला इतका खालचा दर्जा दिला की अध्यापनाच्या जागेची त्याची आशाच मावळावी. परंतु प्रबंधाची एक प्रत रीगा येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड याच्या हाती पडली आणि तो त्याच वर्षी या तरुणाला भेटण्यासाठी जातीने उप्सालास आला. तीन वर्षांनी वान्ट हॉफचा निबंध वाचताना आर्हेनियसला त्या गुणकाची किल्ली सापडली. 1887 च्या मार्चमध्ये त्याने वान्ट हॉफला पत्र लिहिले, आणि ओस्टवाल्ड व वान्ट हॉफ यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या भौतिक रसायनाच्या नियतकालिकात आपला सिद्धांत मांडला: मिठाचा रेणू पाण्यात पडताच त्याचे बहुतांशी दोन तुकडे होतात, एक धन विद्युत्‌भाराचा, एक ऋण; विजेचा प्रवाह नसतानाही हे तुकडे द्रावणात मोकळे फिरत असतात. डोकी खरोखरच दोन होती.

त्या निबंधातील कोष्टक मी अनेकदा वाचले आहे आणि त्याचे कौतुक ओसरत नाही. नव्वदच्या आसपास द्रव्ये; प्रत्येकासमोर दोन आकडे, एक मुख्यतः राउल्टच्या गोठणबिंदूंवरून काढलेला, दुसरा विद्युद्वाहकतेवरून. ज्या दोन मोजमापांचा परस्परांशी तिळमात्र संबंध नाही, एकात बर्फ आणि दुसऱ्यात वीज, त्यांचा मुकाबला येथे शेजारी शेजारी मांडला आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल: 1.98 व 1.90. मीठ: 1.90 व 1.82. साक्षीदार इतके निःस्पृह आणि जबान्या इतक्या जुळत्या! आणि त्याच कोष्टकात, लपवून न ठेवता, मॅग्नेशियम सल्फेटची ओळ: गोठणबिंदू म्हणतो 1.04, वाहकता म्हणते 1.40. जुळत नाही म्हणून आर्हेनियसने ती गाळली नाही.

यानंतर जे घडले ते लवकर सांगण्यासारखे आहे. इंग्लंडात आर्मस्ट्राँग व पिकरिंग यांनी या सिद्धांतास कडवा विरोध केला. 1890 साली लीड्स येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वान्ट हॉफ व ओस्टवाल्ड यांच्यासमक्ष वाद झडला. तोवर व्यवहार पुढे निघून गेला होता. बेकमन या जर्मन रसायनज्ञाला बेंझाल्डॉक्झाइमच्या दोन समघटकांचे रेणुभार एकच आहेत काय याची खातरजमा करावयाची होती. त्यासाठी त्याने 1888 साली जे उपकरण बनविले त्यातील उष्णतामापकाची पट्टी जेमतेम पाच-सहा अंशांची, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग पाडलेले. वरच्या टोकाशी वळलेल्या काचेच्या लहान कोठीत फाजील पारा साठवता येतो, आणि हळूच टिचकी मारून तो तोडता किंवा जोडता येतो. त्यामुळे तीच अरुंद पट्टी पाण्याच्या शून्याजवळ, तशीच बेंझिनच्या साडेपाच अंशांजवळ बसविता येते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत ही टिचकी श्वास रोखून मारली आहे. बुडापेस्टच्या कोरान्यी याने हीच पद्धत रुग्णाच्या रक्ताला व मूत्राला लावली. रक्त शून्याखाली 0.56 अंशाच्या आसपास गोठते, आणि मूत्रपिंडे थकली की ते आणखी खाली उतरते. दूध 0.54 च्या आसपास गोठते, आणि त्यात पाणी घालणाऱ्याचा आकडा शून्याकडे सरकतो, म्हणून दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळांनीही हे साधन आपलेसे केले. 1892 साली रॉयल सोसायटीने राउल्टला डेव्ही पदक दिले. ज्या संस्थेच्या दप्तरात ब्लॅग्डनचा निबंध एक शतक धूळ खात पडला होता, तिनेच.

परंतु मॅग्नेशियम सल्फेटची ती ओळ राहिलीच होती, आणि तिच्या जोडीला मिठाचा गुणक पुरता 2 का होत नाही, हेही. आर्हेनियसचे म्हणणे, काही रेणू अखंड राहतात म्हणून. पण तीव्र क्षारांच्या बाबतीत त्या अखंड रेणूंचे प्रमाण निरनिराळ्या मोजमापांत निरनिराळे येई, आणि रसायनशास्त्राचा समतोलाचा नियम त्यांना लागूच पडेना. या कोंडीवर 1918 साली कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी निर्भीड मत मांडले: असे क्षार पाण्यात पूर्णतः विघटित झालेलेच असतात, आणि जी तूट दिसते ती विरुद्ध भारांच्या परस्पर आकर्षणामुळे. घोषांनी द्रावणातील आयन, म्हणजे हे भारित तुकडे, स्फटिकातल्याप्रमाणे जागच्या जागी मांडलेले कल्पिले होते. ती मांडणी टीकेपुढे टिकली नाही, तरी त्यांच्या निबंधांची युरोपात मोठी चर्चा झाली आणि प्रश्नाला योग्य दिशा लागली, ही कामगिरी आपण विसरता कामा नये. शेफील्डच्या मिल्नर याने त्याआधी, 1912 साली, हेच आकर्षण गणितात बसविण्याचा खटाटोप केला होता. त्याचे गणित इतके क्लिष्ट होते की ते फारसे कोणी वाचले नाही.

1923 साली झूरिक येथे पीटर डिबाय आणि त्याचा सहायक एरिख ह्यूकेल यांनी ते गणित सुलभ केले. प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांचे एक विरळ वलय सरासरीने जमते, आणि ते त्याला मागे ओढून धरते. द्रावण जितके विरल तितके हे वलय सैल, आणि तूट संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी कमी होत जाते. त्यांच्या या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच गोठणबिंदूच्या घटीचा उल्लेख आहे, कारण सिद्धांताची कसोटी त्यांनी तिथेच लावली. अत्यंत विरल द्रावणात ही तूट आयनांवरील भार व त्यांची संख्या यांवर कशी अवलंबून राहते, हे त्यांच्या सूत्रावरून काढता येते: मिठाच्या आयनांवर एकेक भार, मॅग्नेशियम सल्फेटच्या आयनांवर दोन दोन, आणि त्यामुळे समान संहतीच्या द्रावणात मॅग्नेशियम सल्फेटची तूट मिठाच्या आठपट.